पाठीवरचं

मालवण,
ता. १८ मार्च १९६२

प्रिय कावेरी,

अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखलं असशीलच. दहा वर्षांत ते जरा मोठं झालं आहे एवढंच, चष्म्याचा नंबर वाढला. सरहद्द बंद होती तोवर पेडण्याला टपाल जात नाही ही सबब मला पुरत होती. डिसेंबरात ती गेली, त्यालाही आता तीन महिने झाले. पत्र कशासाठी लिहिते ते शेवटी सांगेन. आधी पिशवीचं लिहिते, कारण सगळं त्या पिशवीपासून निघालं.

हे पेन्शनीत निघाले त्याला दोन वर्षं झाली. गेल्या वैशाखात ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. थोडक्यात निभावलं, ती रवळनाथाची कृपा. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डावा हात मात्र हलका पडला. त्याहून वाईट म्हणजे ह्यांना कशात गोडीच राहिली नाही. सकाळी ओटीवर बसायचे ते दुपारच्या जेवणापर्यंत समोरच्या फणसाकडे बघत. कचेरीत तीस वर्षं ज्यांनी एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्यांना जेवण झालं की नाही हे मला सांगावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही हातांना काहीतरी काम द्या, नाहीतर हा माणूस बसल्या जागी संपेल. मी वाती वळायला दिल्या. चार वळल्या आणि ठेवून दिल्या.

श्रावणात माळ्यावर गळायला लागलं म्हणून तिथलं सामान खाली काढलं. त्यात ती काठी होती. त्रेपन्न साली तू आरोंद्याच्या तरीवरच्या माणसाबरोबर पाठवलेली, मेणकापडात गुंडाळलेली. मी ती तेव्हा सोडलीही नव्हती आणि पोचल्याचं तुला कळवलंही नव्हतं. ह्यांनी ती उजव्या हाताने, दातांनी, कशीबशी सोडली. आत तीन तुकड्यांची मासे धरायची काठी, दोरा गुंडाळायची चकरी आणि एका डबीत पिसं बांधलेल्या बारा गऱ्या. साहेबांच्या नोकरीत राहून तुझ्या नवऱ्याने ही विद्या उचलली, हे मामांकडून कधीतरी कानावर आलं होतं. आमिष नाही, शिसं नाही. दोरा मागे झुलवायचा आणि पुढे सोडायचा, की पीस पाण्यावर माशीसारखं उतरतं. हे आठ दिवस अंगणातच झुलवत होते. शेजारची हौसाबाई मला विचारून गेली, भाऊ माडावरचे कावळे हाकलतायत काय म्हणून. पण कावेरी, नवव्या दिवशी ह्यांनी आपण होऊन जेवायला मागितलं.

तेव्हापासून सुकती लागली, पाणी उतरलं की हे कोळंबच्या खाडीत मांडीभर पाण्यात उभे. सोमवारी आणि गुरुवारी लागलेला मासा सोडून देतात, एवढं माझं ऐकतात. बाराच्या नऊ गऱ्या झाल्या तेव्हा मी घरच्या कोंबड्याची पिसं घेऊन लाल दोऱ्याने तीन बांधल्या. नमुना समोर होताच. माझ्या गरीवर तांबोशी लागली हे तिकडे सांग.

आता पिशवी. गऱ्यांची डबी, औषधाच्या गोळ्या, पंचा, पाण्याची बाटली, भाकरी आणि मासा, एवढं बरोबर लागतं. हे खांद्याला झोळी अडकवून जायचे. दोरा झुलवला की झोळी घसरून कोपरात यायची, वर करायला डावा हात साथ देत नाही, म्हणून काठी बगलेत धरून उजव्याने वर करायची. पौषात एकदा ती घसरून पाण्यात गेली. हे धरायला वाकले आणि तोंडावर पडले. भरती फिरली होती. धोंडू गाबीत पलीकडे पागाचं जाळं टाकत होता, त्याने कॉलर धरून ह्यांना वाळूवर आणलं, घरापर्यंत पोचवलं, आणि दारात उभा राहून म्हणाला, "भाऊनू, झोळी गेली तर दुसरी गावतली. तुमी गेलास तर वयनीन खंय सोदूचा?"

त्यावर हे हसले. मी हसले नाही. त्या रात्री मी काठी परत माळ्यावर टाकली आणि दोन दिवसांत हे परत फणसाकडे बघायला लागले. घरात बसवलं तर ह्यांना फणस खाणार, सोडलं तर खाडी. तिसऱ्या दिवशी मी काठी स्वतः खाली काढली आणि सांगितलं, दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी मिळेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही.

मिळते कुठे? मुंबईला चिठ्ठी टाकून नवी मागवणं माझ्या स्वभावात बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. आधी घरातली वेताची टोपली दोन सुंभांनी पाठीला बांधून पाहिली. मासा ताजा राहतो, पण वाकलं की पाणी भरतं आणि माणूस मागे ओढला जातो. मग कसालचे सत्यवान हवालदार, ह्यांच्या ओळखीचे, त्यांनी आपली पलटणीतली पिशवी धाडली. तिची शिवण बघून मी खूश झाले. पण कोरडी असतानाच ती नारळ भरल्यासारखी जड, आणि ओली झाली की कमरेखाली उतरते. शिवाय पट्ट्यांना पितळी आकडे. ते काढायला मला दोन हात आणि एक शिवी लागली, मग पाण्यात पडलेल्या माणसाने काय करायचं? जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहून काढलं, पिशवी कशी हवी. खांद्याच्या वर यायला नको, दोरा अडकतो. कमरेच्या खाली यायला नको, भाकरी भिजते. आत छत्रीचं जुनं कापड. बाहेर कुठे आकडा, बटण, काही नको. रवळनाथाच्या अंगाऱ्याच्या पुडीला वेगळा कप्पा, माशाचा हात लागणार नाही असा. आणि छातीवर एकच गाठ, डाव्या हाताने ओढली तरी सुटणारी, म्हणजे वेळ आली तर पिशवी जाईल, माणूस राहील.

ती वही घेऊन मी शिडं शिवणाऱ्या बाबलीकडे गेले. त्याच्याकडे जुन्या शिडाचं कापड पडून होतं. मी ह्यांना तीन वेळा माप द्यायला उभं केलं तेव्हा हे म्हणाले, लग्नाच्या कोटाला एवढी मापं घेतली नव्हती. बाबली म्हणाला, "वयनी, हेका वारो लागलो तर भाऊ वेंगुर्ल्याक पोचतले." पिशवी झाली, अंगावर बसलीही. पण मन ठरेना. पलटणीची शिवण पक्की, आकडे काढून टाकले तर? शिडाची हलकी, पण गाठ ऐन वेळी सुटली नाही तर? नवऱ्याचा जीव मी माझ्या वहीवर सोडायला तयार नव्हते. गेल्या सोमवारी सकाळी देवळात गेले आणि दाजी गुरवाला म्हटलं, पाठीवरचं काय करायचं, तेवढं देवाला विचार. कौल लाव.

झालं एवढंच. घाईत पिशवी हा शब्द राहिला. देवळात सात-आठ माणसं होती. दाजीने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, देवाच्या पाषाणाला उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ही तुझी लेक तुझ्या पायाकडे उबी आसा. तिच्या पाठीवरची भयण दहा वर्सां खाडयेपलीकडे आसा. कोणाचा काय चुकला आसात ता पोटात घाल. आपल्या माणसाक घेवन ती ह्या घराक येवची आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." तो शब्द संपायच्या आत उजवी पाकळी पडली.

बाहेर आल्यावर मी दाजीला धरलं. मी पिशवीचं विचारत होते, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "वयनी, पिशयेक कोण पाठीवरचा म्हणता?" आणि दिलेला कौल देव परत घेत नाही, हेही वर ऐकवलं. त्याचं तरी काय चुकलं? तुझ्या लग्नाची बातमी आली त्या दिवशी मी ह्याच देवळात ह्याच दाजीला सांगितलं होतं, माझ्या पाठीवर कोणी झालंच नाही असं समज, तिच्या नावाने देवाला यापुढे काही सांगायचं नाही. दहा वर्षं त्याने ते पाळलं. मी तो शब्द तोंडातून काढीन कधी, याची तो वाट बघत होता की काय, देव जाणे.

पिशवीचा निकाल मग देवाविना लागला. ह्यांना शिडाची पिशवी घालून अंगणात उभं केलं आणि डाव्या हाताने गाठ ओढायला लावली. पहिल्या सहा वेळा बोटं नुसती घसरली. सातव्यांदा सुटली. आता रोज सकाळी संध्येनंतर वीस वेळा सुटते, आणि डाव्या हाताची पकड परत येते आहे हे डॉक्टरांनीही पाहिलं. परवा मी स्वतः खाडीवर जाऊन वाळूवर बसले. हे सव्वा तास पाण्यात होते. पिशवी जागची हलली नाही.

ह्यांना मी कौलाचं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग लिही. एवढंच. तर लिहिते. पाडव्याला तुम्ही दोघं या. आरोंद्याहून दुपारची मोटार आहे, हे उतरून घ्यायला येतील. पास्कोलचं पान ओटीवर मांडणार नाही, आत ह्यांच्या शेजारी मांडेन. पंगतीला कोण बसतं आणि कोण उठून जातं, ते मी बघून घेईन. तू लेकीसारखी स्वयंपाकघरात यायचं, विचारायचं नाही. येणार नसलीस तरी मी रागावणार नाही, तो हक्क मी घालवला आहे.

गावात मी सांगितलं आहे की देवाचा कौल झाला, म्हणून बोलावते. दाजी तेच सांगतो, लोकांनाही ते पटलं. तुला मात्र खरं ते सांगते. दाजीने 'भयण' म्हटलं तेव्हाच मला कळलं की गाऱ्हाणं चुकतं आहे. हात वर करून त्याला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. आणि 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत सगळ्यांच्या आधी मी होते.

तुझीच,
अक्का