डब्यातलं गुंतवळ

१२ नोव्हेंबर १९५७
पुन्हा मूठभर! फणी भिंतीवर आपटली — दोन दाते तुटले. श्रावणात विषमज्वराने एकवीस दिवस पडून होते, तेव्हा केस जागेवर. आता उठून कामाला लागले तर हे! उशीवर, भातात, न्हाणीत. चाईचं टक्कल नाही कुठे, सगळं डोकंच विरळ. शिमग्याला हे बोटीवरून येतील. माझ्या वेणीवर जीव टाकणारा माणूस! त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभी राहू?

१५ नोव्हेंबर
सासूबाई म्हणाल्या, "ह्यां दुखणां न्हय गो. कोणीतरी केल्यान तुझ्यावर." केल्यान! म्हणजे करणी! दिवसभर तेवढाच शब्द डोक्यात.

२ डिसेंबर
फणीतल्या गुंतवळावर थुंकून ते न्हाणीमागे टाकते. संध्याकाळी तिथे नसतं! कोण नेतं? हाती लागू दे फक्त.

९ डिसेंबर
सापडली! जानकी — माझी धाकटी जाऊ! तिच्या ट्रंकेत बिस्किटांचा डबा. उघडला तर माझं गुंतवळ, विंचरून जुड्या केलेलं, एकेक जुडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. जाब विचारला तर डब्याला मिठी मारून बसली. "वयनी, तुमच्यासाठीच केलंय!"
तोंडाने कबूल! पाट्यावरचा वरवंटा उचलला. डब्यावरून हात काढेना, मग हातांवरच घातला. दोनदा. हाड मोडल्याचं ऐकलं तरी थांबले नाही. तिसऱ्यांदा उगारला तेव्हा तिच्या नवऱ्याने, गुरुदासभावोजींनी, मनगट धरलं.
खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

१० डिसेंबर
भावोजी आम्हा दोघींना जामसंड्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मला म्हणाले, "काय केलात ता तुमीच सांगा." सांगितलं. डॉक्टरांनी आधी तिची बोटं बांधली — उजव्या हाताची तीन. मग माझं डोकं उजेडाला धरलं. गळलेल्या केसाच्या मुळाशी पांढरा ठिपका दाखवला.
"बाई, मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे जातात. मुळं जिवंत आहेत. मासे, अंडी, कडधान्यं पोटभर खा, ओढून बांधू नका. आपोआप येतील. कोणी काही केलेलं नाही."
केलेलं नाही! मग तो डबा कशाला? तिच्या बांधलेल्या बोटांकडे बघून बाहेर पडले. जानकी रडलीसुद्धा नाही.

३ जानेवारी १९५८
जानकी कुडाळला माहेरी गेली. डबा काखेत. माझ्याकडे बघितलं नाही. मी बांगडे खाते, कुळीथ खाते — शिक्षा भोगल्यासारखी. उशीवर आज सातच केस.

२० फेब्रुवारी
कपाळावर बारीक केस उभे राहिलेत! आरसा फोडावासा वाटला.

२६ फेब्रुवारी
भावोजी कुडाळहून आले. डबा पुढ्यात आपटला. "शिमग्याक तुमका घालूक करी होती. आता तिच्या बोटांनी होवचां नाय."
जुड्यांखाली, तळाशी, माझ्याच केसांचं, वेणीत घालायचं गंगावन. अर्धं गुंफलेलं.