एक भाऊ, हयात

एल्क प्रेअरी, विस्कॉन्सिन
६ फेब्रुवारी २०२५

ती. ऑरिनदादास,
मार्लिसचा सा. न. वि. वि.

सात वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. जायला आता आपण दोघंच उरलो आहोत. अडचण आहे ती तू जिवंत असण्याची.

साथीच्या वर्षांत सरकार म्हणालं होतं, धंदा बसला तरी माणसं काढू नका, त्यांच्या पगारापोटी आम्ही करात सूट देऊ. मी एकालाही काढलं नाही. आपल्या जेवणाच्या क्लबची बसायची खोली बंद होती, तरी शुक्रवारचा तळलेला मासा आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाड्यांमध्ये देत होतो. सूट मागायचे कागद भरून देणारी एक कंपनी फोनवर भेटली, मिळेल त्यातला चौथा हिस्सा तिचा. त्या माणसाने विचारलं, आईवडील, मूलबाळ, भाऊबहीण कोणी हयात? मी म्हटलं, कोणी नाही. त्याने तसं लिहिलं, मी सही केली.

आता करखात्याची तपासणी लागली आहे. ओस्ट्रँडर म्हणून बाई आहेत, कामाला चोख. दहा कामगारांचं सगळं त्यांनी मान्य केलं. अकरावा पगार माझा, आणि कायदा असा की मालकाचं सख्खं कोणी जिवंत असेल तर मालकाच्या स्वतःच्या पगारावर सूट नाही. मी जगात एकटी असते तर चाललं असतं. असं का, विचारलं, तर म्हणाल्या की कारण त्यांनाही कोणी सांगितलेलं नाही. मग त्यांनी साप्ताहिकातलं एक कात्रण पुढे सरकवलं. आईच्या निधनाची बातमी. पश्चात मुलगी मार्लिस व मुलगा ऑरिन असा परिवार. ती मीच लिहून दिली होती.

सव्वीस हजार डॉलर परत करायचे आहेत, ते कसेही करीन. पण बाईंनी लेखी प्रश्न दिला आहे: सही करताना भाऊ हयात असल्याचं आपणास ठाऊक होतं का? नव्हतं, तर ती चूक. होतं, तर ती लबाडी, आणि वर पाऊणपट दंड. मग क्लब राहत नाही. महिन्याची मुदत आहे. त्यांना तुझा पत्ता हवा आहे, जुनाच आहे ना?

लोभ उरला असल्यास कळावा.
मार्लिस

डुलुथ
१२ फेब्रुवारी २०२५

चि. मार्लिस हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्ता तोच आहे आणि मीही आहे, याबद्दल दिलगीर आहे. तुझ्या सोयीसाठी मरायला माझी ना नव्हती, पण दोन हजार एकवीसच्या पगारासाठी आज मरून उपयोग नाही. पूर्वलक्षी मरणाची सोय कोणत्याच शास्त्रात नाही. पाहून ठेवलं आहे.

वैशेषिकांनी अभाव हाही एक पदार्थ मानला, हे मी तीस वर्षं कॉलेजच्या पोरांना संस्कृतातून शिकवलं. निम्मी झोपत, उरलेली परीक्षेत नापास होत. अभावाची पावती मिळत नाही, ही मेख मात्र मला आज कळली. भांडण झालं, बोलणं बंद झालं, याचा कागद कुठून आणायचा?

आईला मातीत ठेवलं तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी कढई चढवलीस आणि मी भरल्या खोलीत म्हणालो की तुला आईपेक्षा मासा मोठा. तिथे निम्मं गाव मुळा-गाजरं चघळत ऐकत होतं. चुकलं माझं. हे म्हणायला सात वर्षं लागली. व्याकरण शिकवणारा माणूस, साधा भूतकाळ जमला नाही.

तेव्हा ऐक. सरळ लिही की ठाऊक नव्हतं. बोलणं नाही, येणं-जाणं नाही, गृहीत धरलं की गेला असेल. हे खोटं पाडायला जगात पुरावा एकच, माझी नाताळची कार्डं. ती तू केव्हाच फेकली असशील. नसतील, तर तुझ्याकडे शेगडी आहे.

तुझ्या भल्यासाठी मृत असलेला,
दादा

एल्क प्रेअरी
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

कार्डं आहेत. सातही. आईच्या बटाट्याच्या पोळ्यांच्या तव्याचं खोकं आठवतं ना, त्यात. एकही फोडलेलं नाही.

तुझं पत्र वाचून मी खरंच शेगडीचं दार उघडलं होतं. लॉइड (आपला जुना आचारी, तुला अजून तो प्रोफेसरसाहेबच म्हणतो) बटाटे सोलत बघत होता. म्हणाला, बाई, टाकायचं तर टाका, नाहीतर दार लावा, माझा पाव बसतोय. मी दार लावलं.

त्या दिवशी फोनवर मी कोणी नाही असं का म्हटलं, ते सांगते. खिडकीवर सोळा गाड्या उभ्या होत्या, हात पिठाने भरलेले. आहे, पण… एवढं सांगायला सुद्धा वेळ नव्हता. कोणी नाही म्हणायला कमी वेळ लागतो.

पण ठाऊक नव्हतं असं कसं लिहू? दर डिसेंबरात मी पाकिटावरचा टपालाचा शिक्का बघायची. डुलुथ, तारीख. म्हणजे आहे. मग खोक्यात टाकायची. सही केली तेव्हा तिथे तीन कार्डं होती आणि मला तिन्ही तारखा पाठ होत्या. फेकली असती तर तुझं ऐकता आलं असतं.

रागावू नये, ही विनंती.
मार्लिस

डुलुथ
२७ फेब्रुवारी २०२५

चि. मार्लिस हिस अ. आ.

रागावायला समोरचा माणूस थोडा तरी वाकडा लागतो, तू ती सोय ठेवली नाहीस.

तुला न विचारता मी ओस्ट्रँडरबाईंना चार पानं लिहिली. ऑरिन टॉलेफसन हा भाऊ इतका असह्य आहे की कोणत्याही समंजस बहिणीने त्याला मेलेला समजावं, असं सप्रमाण सिद्ध केलं. उत्तर दोन ओळींचं आलं. भावाच्या स्वभावाचा या कलमाशी संबंध नाही, आणि पत्र चांगलं लिहिलं आहे. त्याखाली सही.

माझं पेन्शन तुला माहीत आहे, तेवढ्यात तुझ्या क्लबचं छप्परही शाकारून होणार नाही. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, बहिणीला गप्प बसायला सांगा. मी म्हटलं, गप्प बसण्यातच आम्ही सात वर्षं घालवली.

अजून तीन दिवस आहेत. काही लिहू नकोस, निदान लगेच लिहू नकोस. याहून शहाणा सल्ला माझ्यापाशी नाही.

तुझा निरुपयोगी,
दादा

एल्क प्रेअरी
२८ एप्रिल २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

मी लिहिलं, ठाऊक होतं. एवढेच दोन शब्द. बाई फोनवर म्हणाल्या की असं उत्तर त्यांना फारसं येत नाही, पण त्यासाठी वेगळा रकाना नाही. दंड पाऊणपटच लागला. कागद भरणाऱ्या कंपनीचा फोन आता लागत नाही.

क्लब विकला. घेणारा इलिनॉयचा आहे, हिवाळ्यात लोकांच्या होड्या ठेवायला शेड बांधणार. सगळं पाडायचं म्हणाला. कढया तेवढ्या लॉइडला दिल्या. बाकीच्यांचं काम सुटलं; मग साथीत त्यांना मी पगारावर ठेवलं होतं ते कशासाठी, असं मला कोणी विचारलं नाही, हे बरं झालं.

गुड फ्रायडेला शेवटचा मासा तळला. रस्त्यापर्यंत रांग होती. तुला मुद्दाम कळवलं नाही. तू आला असतास, आणि मला तळण सोडून रडता येत नाही. लॉइड मात्र रडला. वर म्हणाला, कांदा. त्या दिवशी आमच्याकडे कांदा नव्हता.

दुसऱ्या दिवशी खोकं घरी आणलं आणि कार्डं फोडली. सातही कार्डांत तू एकच वाक्य लिहिलं आहेस: एखाद्या शुक्रवारी येईन, खिडकीजवळची जागा ठेव. अरे, ती जागा मी सात वर्षं कशीही ठेवली असती. आता ती खिडकीच माझी राहिलेली नाही.

बाईंचा शेवटचा कागद काल आला. तिसऱ्या पानावर, मालकाचे नातेवाईक, या मथळ्याखाली टंकलेलं आहे: एक भाऊ, हयात. या एका ओळीला माझा क्लब लागला. तेव्हा मागणं एवढंच, की ती ओळ खरी ठेवावी.

तुझी,
मार्लिस