अप्पांचा बिनसाखरेचा चहा

१९ नोव्हेंबर २०२४

आज पुन्हा फिक्का चहा! अप्पांनी एक घोट घेतला आणि कप बशीत आपटला. "ह्यो चहा हाय का? त्यापरीस गरम पाणी देयाचं की."

आईची चूक. जन्मभर साखर उकळत्या चहात टाकली, तशाच अप्पांच्या मधुमेहासाठी आणलेल्या या साखरेऐवजीच्या गोळ्याही टाकते. सांगून दमले — ही गोळी उकळली की गोडी जाते, चहा गाळून कपात टाकायची. आई म्हणते, "उकळल्याबिगर गोडी चहात मुरती व्हय?"

नांदेडहून ह्यांचा फोन — कधी येतेस? काय सांगू. अप्पांचा सदरा खांद्यावरून घसरायला लागलाय.

२४ नोव्हेंबर

सकाळी अप्पा एकाएकी घामानं भिजले. हात थरथरत होते. इन्सुलिन घेतलेलं, न्याहारी लांबलेली. आई धावत चहा घेऊन आली — गोळीचाच, या वेळी गोळी कपात टाकून! "गोड हाय की," म्हणते. जिभेला गोड, रक्ताला काहीच नाही! मीच साखरेचं पाणी पाजलं. हळूहळू माणसात आले. ओठ चाटत म्हणाले, "साखर हाय? मंग येऊ दे की रोज चक्कर!"

हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आजपासून घरात एकच नियम. अप्पांना घाम फुटला, तरच खरी साखर. साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय. अप्पाच त्याला "तातडीचा डबा" म्हणतात.

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावास्येच्या पूजेला सगळे शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भाज्या-डाळींची भज्जी, आंबील, गव्हाची खीर. अप्पांची खीर वेगळी. चुलीवरून उतरवून त्यात गोडव्याची पावडर घातली. गोड झाली. पण गुळाचा रंग नाही, वास नाही, दाटपणा नाही. फिकट, पाणचट.

अप्पा मला म्हणाले, "गोड हाय माय. पर खीर न्हाई."

दोन घास खाऊन वाटी सरकवली. आंबीलही नको म्हणाले. येळवसला न जेवणारे अप्पा मी कधी पाहिले नव्हते.

३ जानेवारी २०२५

पोटाची तपासणी. डोळे पिवळे दिसतात.

८ जानेवारी

स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतापर्यंत गेलाय.

दवाखान्याच्या जिन्यात संगमेश म्हणाला, "अक्का, तुला मेसेज टाकला होता का न्हाई? ह्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणून? तू वाचलाच न्हाईस."

मी वाचला होता. असे किती येतात, म्हणून बाजूला सारला होता. भाऊ धाकटा, रागानं बोलला. पण गोळ्यांची प्रत्येक डबी मीच नांदेडहून आणली ना.

९ जानेवारी

एकटीच डॉक्टरांकडे गेले. टेबलावर डबी ठेवली. विचारलं, "ह्यानं झालं का?"

त्यांनी डबी माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, नाही. अभ्यास करणाऱ्यांनी नुसती शक्यता वर्तवलीय, ठोस पुरावा नाही. आणि दिवसाला जेवढ्या चालतात, त्याच्या जवळपासही तुमचे अप्पा गेले नाहीत. मनातून काढून टाका.

केवढं हलकं वाटलं! मी उठले तेव्हा म्हणाले, "ताई, आता पथ्य सोडा. मागतील ते खाऊ द्या."

बरं, म्हटलं. आभारसुद्धा मानले. ऑटो गांधी चौकापर्यंत आला, तेव्हा ‘पथ्य सोडा’चा अर्थ कळला.

१० जानेवारी

ठरलं — अप्पांना सांगायचं नाही. पोटाला सूज आहे, एवढंच. आईनं दोघांकडून वचन घेतलं. "त्यांच्याम्होरं कुणी डोळे पुसायचे न्हाईत." संगमेश माझा हात धरून बसला. "तोंडातून गेलं गं अक्का." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तोही भ्यायलाय.

११ जानेवारी

सकाळी अप्पांचा चहा मी केला. फळीवरचा डबा काढला. साखर चांगली उकळू दिली, आईसारखी. वाटलं, आज तरी मनाजोगता चहा पिऊ दे.

अप्पांनी घोट घेतला. थांबले. जिभेवर घोळवला.

"साखर हाय."

मी हसले. आई लगेच आत गेली.

अप्पांनी कपाळावर हात फिरवला. मग तो हात समोर धरून बघितला. कोरडा.

"मला तर घाम न्हाई आला, माय."