शेवटच्या गोळ्याची चानकी

प्रिय कुसुम,

पत्र लिहायची मला सवय नाही. सातवीनंतर पेन हातात धरलं ते फक्त पेन्शनच्या कागदावर सही करायला. पण आज सकाळी स्वयंपाकघरात जे झालं ते सांगू कोणाला? तुझा नीलेश आणि पल्लवी दोघं ऑफिसात. आणि असल्या बारीकसारीक गोष्टी ऐकून घेणारी या घरात तू एकटीच होतीस. मुक्ता झोपली आहे, तेवढ्यात लिहून टाकते.

तू गेलीस आणि ही तुझी नात गप्प झाली. चार वर्षांची पोर! जिनं घटकाभर तोंड मिटावं म्हणून मी हात जोडायचे, ती एकदम मुकी. रडलीसुद्धा नाही. काही विचारलं की नुसती मान हलवायची. जेवायला बसवलं की घास गालात धरून ठेवायची. पल्लवीनं समोर मोबाइल उभा केला की मग गिळायची. काय गिळलं ते तिलाही कळायचं नाही.

मला वाटलं, शिस्त लावली की होईल सरळ. तुला माझं माहीत आहे. आपण जावा-जावा, दोघींचे नवरे खडकीच्या कारखान्यात, आपलं सगळं आयुष्य भोंग्यावर चाललं. भोंग्याच्या आत डबा तयार पाहिजे, बाकी कोणाला काय वाटतं ते नंतर! तेच मी पोरीला लावलं. वेळेवर अंघोळ, वेळेवर वरणभात, दुपारी झोप, संध्याकाळी बागेत चक्कर. सगळं वेळच्या वेळी. पोर काही बोलेना.

शेवटी पल्लवी तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही गेले, म्हटलं बघू तरी काय नाटक आहे. बाई तरुण, चटईवर फतकल मारून बसलेल्या.

"आजी, झोपेची, जेवणाची वेळ तुम्ही छान सांभाळलीत. लहान मुलांना त्याचा फार आधार असतो. आता सांगा, हिच्याशी खेळतं कोण?"

"खेळायला मी काय बालवाडीत आहे? माझे गुडघे बघितलेत का?"

त्या हसल्या. "बरं, आधी कोण खेळायचं?"

तुझं नाव घ्यावं लागलं, कुसुम. मग चिडून पंख्याकडे बघत बसले.

बाई म्हणाल्या, एवढ्याशा मुलांना दुःख झालंय, राग आलाय, हे सांगायला शब्द सापडत नाहीत. ती खेळात सांगतात. मोठ्या माणसानं ते बघायचं आणि उत्तर द्यायचं. त्या बोलण्या-खेळण्यातूनच पोराचं डोकं घडतं, मन घट्ट होतं. "नवीन खेळणी आणू नका. तिची आजी रोज जे करायची, तेच पुन्हा सुरू करा."

आता बोल! तेच म्हणजे काय? मला ठाऊक होतं ते एवढंच, की पोळ्या झाल्या की कणकेचा शेवटचा गोळा तू तिला द्यायचीस आणि ती त्याची चानकी लाटायची. एका चिमुकल्या पोळीला किती तो वेळ! ओट्यावर पीठ, फरशीवर पीठ, पोरीच्या भुवयांना पीठ. मी ओरडायचे, "कुसुम, एवढ्यात माझी भांडी घासून झाली असती!" तू म्हणायचीस, "अक्का, या की. बसा जरा आमच्यात." मी म्हणायचे, "आणि कुकर कोण उतरवणार, तुझी चानकी?"

एकदा तरी हाताला धरून खाली बसवायचं होतंस ना मला! सगळं हसून सोडून द्यायचीस, तिथंच तुझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी मी चानकी केली. काय लाटली होती! बांगडीसारखी गोल, वर तूप, गूळ. पोरीनं एका बोटानं बाजूला सारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा केली, पुन्हा सारली. मीही हट्टाला पेटले. रोज गोल चानकी आणि रोज ती माझ्याच पोटात. बिनडोक म्हातारी! बाईंनी खेळ सांगितला आणि मी जेवण वाढत बसले.

आज गुडघा ठणकत होता, ओट्याशी उभं राहवेना. पोळपाट घेऊन खालीच बसले, शेगडीही खाली घेतली. शेवटचा गोळा उरला आणि जीव कंटाळला. मुक्ता दारात उभी. म्हटलं, "घे बाई, तूच लाट. मला नाही होत आता."

आली. डब्यांच्या मागून छोटं लाटणं काढलं. ते तिथं असतं हेही मला माहीत नव्हतं. लाटलं, दुमडलं, पुन्हा थापलं. गोळा पार मळून काळा झाला. दे इकडे म्हणून माझे हात शिवशिवत होते, कुसुम. तेवढ्यात आठवलं, तू तिला काय विचारायचीस ते. रोज कानावर पडायचं, पोरकटपणा म्हणून सोडून द्यायचे.

मी विचारलं, "काय म्हणते आज चानकी?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं.

"रुसलीये."

"कोणावर गं?"

"आजीवर. सांगून नाही गेली."

तू काय म्हणाली असतीस? मी म्हटलं, "मीपण रुसलेय तिच्यावर."

मग माझ्या पिठाच्या मांडीत डोकं खुपसून रडली गं. मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत. "गप" म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. तवा धुरायला लागला, धुरू दिला. बऱ्याच वेळानं डोकं वर काढून म्हणाली, "अक्काआजी, भाज ना." भाजली. अर्धी तिनं खाल्ली, समोर मोबाइल नसताना! अर्धी मला दिली. मधे कच्ची होती. खाल्ली.

आणि मग दवाखाना आठवला. त्या शेवटच्या दुपारी तू ओठ हलवून विचारलंस, "मुक्तानं चानकी केली?" आणि मी घाईघाईत म्हणाले, "पोटभर वरणभात जेवलीये, पड तू गप्प." तू डोळे मिटलेस. तू जेवणाचं विचारतच नव्हतीस ना? पोरीच्या मनात काय चाललंय, ते विचारत होतीस. आणि मी तुला वरणभातावर वाटेला लावलं!

त्याचं उत्तर आज देते. त्या दिवशी नव्हती केली गं. कोणी गोळाच दिला नव्हता तिला.

आता शब्द देते. शेवटचा गोळा रोज तिचा. वाकडी होऊ दे, काळी होऊ दे, मी हात लावणार नाही. चानकी काय म्हणते ते ऐकल्याशिवाय उठणार नाही. आणि तुझ्यावरचा तिचा रुसवा आहे तेवढे दिवस राहू देईन, घाई करणार नाही.

ओटा मात्र नंतर मी घासून धुणार. त्यात तू बोलू नकोस.

तुझ्यावर रुसलेली,
अक्का