कंसासकट ओळ काढणाऱ्या साहेबांच्या नेमणुकीबाबत

प्रति,
मा. नियुक्तीप्रमुख,
परराष्ट्र व हवामान समन्वय कचेरी,
ब्रुसेल्स.

विषय : विभागप्रमुख श्री. एटिएन वोटले यांना फालेतोआ बेटावर निवासी दूत म्हणून पाठविणेबाबत.
संदर्भ : सदर पदासाठी कोणीही इच्छुक नसल्याचे आपले परिपत्रक.

महोदय,

सविनय सादर करते की, मी या कचेरीत मसुदे लिहिते. सत्तावीस देशांपैकी एकाचाही आक्षेप असला तर ती ओळ चौकटी कंसात जाते आणि एकमत झाले की कंस निघतो, हे आपण जाणताच. समुद्र चढल्यास फालेतोआच्या रहिवाशांना युरोपात आसरा मिळेल, ही ओळ हवामान करारात यावी म्हणून मी दोन वर्षे देशोदेशींच्या प्रतिनिधींच्या नाकदुऱ्या काढल्या. शेवटी एकच देश अडून बसला.

२. त्याची समजूत काढायला श्री. वोटले स्वतः गेले. शिंपले आणि तळलेले बटाटे खाऊन परतले व म्हणाले, "गोडेलीव्ह, कंस काढला गं!" मी आनंदाने बेटाच्या प्रतिनिधी श्रीमती लोसा तौमाफाई यांना फोन केला. बेटावर डुकरे भाजली, चर्चमध्ये गाणी झाली. करार छापून आला तेव्हा कंस नव्हताच. कंसातली ओळही नव्हती.

३. जाब विचारता साहेब हसले. "अगं, मी निवृत्त होईपर्यंत कुठं बुडतंय ते बेट?" वर लोसाबाईंना कळविले की चूक मसुदा लिहिणारीची, म्हणजे माझी. "पोरी, तू तरी वाचून बघायचंस," एवढेच त्या मला म्हणाल्या. त्यानंतर माझा फोन उचलत नाहीत.

४. सबब, बेटाच्या टिकाऊपणाची ज्यांना एवढी खात्री आहे, त्यांना निवृत्तीपर्यंत तेथेच ठेवावे. निवासस्थान भरतीचे पाणी उंबऱ्याला लागते असे द्यावे. बदली मागितल्यास तो अर्ज कंसात ठेवावा. धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यायला लोसाबाईच असतील. ओळ कोणी गिळली हे त्यांना साहेबांच्याच तोंडून कळू दे. यात लोकहित आहे असे मी म्हणणार नाही. मला सूड हवा आहे, आणि तो नियमात बसणारा हवा आहे.

५. विभागप्रमुखांच्या शिफारशीवाचून असा अर्ज ग्राह्य नाही, याची जाणीव आहे. म्हणून साहेब जेवायला निघाले असताना वरील चार कलमांचा कागद सहीसाठी पुढे केला.
"काय आहे?"
"फालेतोआचंच, साहेब."
"अजून तेच का गं? आण इकडे."

तरी हुकूम लवकर निघावा.

आपल्या कचेरीची जुनी सेविका,
गोडेलीव्ह मार्टेन्स
मसुदा लेखनिक
दि. ९ नोव्हेंबर

सोबत : छापील कराराची प्रत.

शिफारस : अर्जात म्हटल्याप्रमाणे करण्यास हरकत नाही.
(सही) एटिएन वोटले, विभागप्रमुख