फर्मे बरोबर आहेत

१४ जून, सकाळचे अकरा. पुस्तकांची खळ वाळेपर्यंत लिहितो आहे.

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होते. तुमचा गुडघा कसा आहे?

एका चित्रकाराचे आत्मचरित्र बांधणीला आले आहे. एका पानावर त्याची आई स्वयंपाक करते आणि पुढच्याच पानावर ती कपाट होऊन बसते. मला वाटले, पानांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील कागद, उलटसुलट लागले. मी सगळी शिवण उसवली. मालक म्हणाले, "शहाण्या, फर्मे बरोबर आहेत. माणूसच तसा आहे."

मग मी ते वाचलेच. आत चित्रही आहे. बाईच्या पोटाला कपाटाची दारे आणि आत तिच्याच चपला. अंगावर काटा आला, तरी पुन्हापुन्हा उघडून पाहिले. तो लिहितो, आई गेल्यावर रडू येईना, म्हणून हे काढले.

आपल्या घरी आई गेल्यापासून धाकटी तिला बिनचेहऱ्याची काढते, म्हणून तुम्ही रंग कुलपात ठेवलेत. तिला वेड लागेल ही भीती मलाही होती. या माणसाला तर लागले नाही. म्हातारपणी एवढे जाड पुस्तक लिहिले. तिचे रंग परत द्याल का? आणि तिलाच विचारा, चेहरा कुठे गेला. मला खरेच जाणून घ्यायचे आहे.

कापून उरलेला कागद सोबत पाठवतो. कोरा आहे, दोन्ही बाजू तपासल्या आहेत.

तुमचा थोरला