वहीत चाललेले प्रोग्रॅम

सर, परवा तुमच्या घरी गेलो होतो. काकूंचा फोन आला होता, की परदेशातल्या मुलाशी बोलताना कॉम्प्युटरवर त्याचं तोंड दिसतं पण आवाज येत नाही. पाच मिनिटांचं काम होतं. चहा देता देता काकू म्हणाल्या, "सर नेहमी म्हनायचे, हाताखालून एवढी पोरं गेली, पर नाव काढलं ते ह्यानंच." मी मान खाली घालून चहा प्यालो. घरी आलो आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतोय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणजे उलट उत्तर येण्याची भीती नाही. आज दुकान उघडलंच नाही, सकाळपासून लिहायला बसलोय.

कुठलं नाव काढलं, सर? एमआयडीसीतल्या स्टील मिलवाले मला 'फुंकणीवाला' म्हणतात, कारण मी हातात ब्लोअर घेऊन जातो. तिथल्या प्रत्येक सीपीयूत लोखंडाची काळी भुकटी बसलेली असते. बियाण्याच्या कंपन्यांत वेगळीच तऱ्हा. औषध लावलेल्या बियाण्याचा गुलाबी रंग कीबोर्डच्या बटणांखाली जाऊन बसतो. संध्याकाळी हात धुताना निघणारं पाणी बघूनच बायकोला कळतं, आज कुठे गेलो होतो ते. चाळिशी उलटली, टेबलाखाली शिरताना कंबर बोलते, आणि वर खुर्चीत बसलेला साहेब पायसुद्धा बाजूला घेत नाही. हे माझं नाव. आपल्या क्लासमध्ये माझ्याच बाकावर बसणारा मंठा गावचा मित्र पुण्यात प्रोग्रॅमिंग करतो. दिवाळीला आला की लॅपटॉप घेऊन दुकानात हजर. मागचं झाकण कसं उघडतं तेही त्याला ठाऊक नाही. "खरा इंजिनिअर तूच बघ," म्हणतो आणि पाठीवर थाप मारतो. असली थाप मारायला तो तुमच्याकडूनच शिकला.

तुमचा क्लास म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मशीन सहा आणि पोरं चाळीस. त्यात दिवसाचं सहा-सहा तास लोडशेडिंग. म्हणून लाइट नसली की वहीत प्रोग्रॅम चालवायचा, ही तुमची पद्धत. डावीकडे प्रोग्रॅम लिहायचा, उजवीकडे चौकटी आखायच्या, एकेका ओळीसरशी चौकटीतला आकडा खोडून नवा लिहायचा, असं करत शेवटच्या उत्तरापर्यंत जायचं. मग तुम्ही लाल पेन घेऊन बसायचात. "लाइट न्हाई तवर मीच तुमचा कॉम्प्युटर," म्हणायचात. माझ्या वहीत लाल खूण क्वचित पडायची. बदनापूरहून रेल्वेनं येताना दाराशी उभा राहून मी डोक्यात प्रोग्रॅम चालवायचो आणि जालना कधी आलं ते कळायचं नाही. आयुष्यात हेच करायचं, असं मला तेव्हा फार वाटायचं. इतकं पुन्हा कशाबद्दल वाटलं नाही.

पण लाइट आली की बाकीचे मशीनवर आणि मी मशीनच्या आत. एकदा बंद पडलेल्या मशीनची रॅम काढून मी खोडरबरानं पुसली, परत बसवली, आणि मशीन सुरू झालं. तिथेच घात झाला. "ह्याच्या हाताला गुण हाये!" तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आणि मीही मूर्खासारखा फुगलो. एके दिवशी मशीनवर बसायची माझी पाळी होती. अर्धा प्रोग्रॅम टाइप झाला होता. तुम्ही मागून आलात.

"ऊठ जल्दी, पाच नंबर बंद पडलंय."

"सर, एवढं झालं की उठतो."

"प्रोग्रॅमिंग कुनीबी करतंय रे! मशीन समजनारा शंभरात एक निघतो. तुला कळत कसं न्हाई?"

मी उठलो. माझं अर्धवट लिहिलेलं पुसून दुसरा तिथे बसला. वर्षभरात माझा एकही प्रोग्रॅम मशीनवर शेवटपर्यंत चालला नाही, सर. इतरांचे चालावेत म्हणून मी राबत होतो आणि तुम्ही त्याला कौतुक म्हणत होता. वर्षाच्या शेवटी तुम्ही सगळ्यांना प्रोग्रॅमिंगची पुस्तकं दिलीत, मला स्क्रू ड्रायव्हरचा संच. मी पाया पडून घेतला. मनात तो तुमच्या तोंडावर फेकला होता.

मग पुण्याच्या कंपनीचे लोक आले. परीक्षा आपल्याच क्लासमध्ये, सहा मशीनवर, सहा जणांची. त्यात माझंही नाव होतं, तुम्हीच घातलेलं. ऐन वेळी माझ्याच वाट्याचं मशीन बसलं. "हे चालू कर आन् बस बराबर," तुम्ही म्हणालात. मी टेबलाखाली शिरलो आणि बाहेर आलो तेव्हा पेपर संपला होता. दोघांची निवड झाली. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, पुढच्या बारीला." पुढची बारी आली नाही. मी दुकान टाकलं. बायकोला, मित्रांना, ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगत आलो, की माझ्या सरांनी मला परीक्षेच्या दिवशी टेबलाखाली ठेवलं.

हे पत्र काकूंना नेऊन द्यायचं ठरवलं होतं. त्यांना कळू दे तुम्ही काय केलंत ते. पण इथवर आलो की पुढचंही लिहावं लागतं, आणि ते लिहिलं की काकूंना देता येत नाही.

मशीन दहा मिनिटांत सुरू झालं होतं, सर. आतली एक वायर सैल झाली होती, एवढंच. मी खुर्चीत बसलोही होतो. पडद्यावर पहिला प्रश्न आला, आकडे चढत्या क्रमानं लावायचा. इंग्रजीत होता, पण मला कळला. वहीत तो मी कितीदा तरी सोडवला होता. शेजारच्यांची बोटं पटापट चालत होती आणि माझी पहिल्याच बटणावर अडली. प्रोग्रॅम इथे चालला नाही तर? आपल्याला येतच नव्हतं असं सगळ्यांसमोर ठरलं तर? कुणाचं लक्ष नव्हतं. मी वाकलो, तीच वायर उपसली आणि परत टेबलाखाली जाऊन बसलो. थोड्या वेळानं तुम्ही आलात, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकलात आणि हळूच विचारलंत, "काय रे, जमंना का?"

मी म्हणालो, "जमंना, सर."